डिमेन्शियाविषयीच्या ज्ञानाची प्रश्नावली सीमाभागातील मराठीत कशी आणावी आणि कशी पारखावी

भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख माणसे डिमेन्शियासह (स्मृती आणि विचारशक्ती हळूहळू ढासळवणाऱ्या विकारासह) जगत आहेत, म्हणजे या वयोगटातील ७.४ टक्के, असा अंदाज ‘लासी-डॅड’ या देशव्यापी पाहणीवरून २०२३ मध्ये मांडला गेला. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक असल्याचेही त्याच पाहणीत दिसले. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ‘साठी बुद्धी नाठी’ जितक्या सहज ऐकू येते तितक्याच सहज शेजारचे कन्नड भाषक ‘अरवत्तक्के अरळु मरळु’ म्हणतात, आणि दोन्हींचा परिणाम एकच होतो: विसरू लागलेल्या आजीचे वय झाले असे म्हणून सगळे गप्प बसतात आणि तिला डॉक्टरांकडे नेण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. ही समजूत बदलण्यासाठी व्याख्याने होतात, पत्रके वाटली जातात. पण त्याआधी लोकांना काय ठाऊक होते आणि त्यानंतर काय ठाऊक झाले, हे मोजणारे विश्वासार्ह साधन हाताशी नसेल तर या श्रमांचे फळ कळणार तरी कसे?

नर्सिंग, समाजकार्य, मानसशास्त्र किंवा सामाजिक वैद्यकशास्त्र शिकणाऱ्या आणि असे साधन पहिल्यांदाच हाताळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख आहे. संपूर्ण प्रक्रियेत एक कसोटी सतत डोळ्यांसमोर ठेवावी. प्रश्नावलीने माणसाचे डिमेन्शियाविषयीचे ज्ञान मोजावे. त्याचे शालेय शिक्षण, त्याची पुस्तकी मराठी किंवा अंदाज बांधण्याचे कसब मोजू नये. पुढची प्रत्येक पायरी याच कसोटीवर घासून पाहायची आहे.

मूळ प्रश्नावलीची निवड

नवी प्रश्नावली स्वतः लिहून काढण्याचा मोह प्रथम आवरावा. तपासून झालेले साधन घेतले तर आपले निष्कर्ष इतर ठिकाणच्या निष्कर्षांशी ताडता येतात आणि विधाने सुचण्यापासून गाळण्यापर्यंतचे कष्ट वाचतात. या विषयातील दोन प्रश्नावल्या सर्वांत परिचित आहेत. अमेरिकेत तयार झालेली आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘अल्झायमर्स डिसीज नॉलेज स्केल’ बरोबर-चूक स्वरूपाच्या ३० विधानांची आहे. मात्र तिचा विषय केवळ अल्झायमर आहे. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया विद्यापीठात घडलेली ‘डिमेन्शिया नॉलेज असेसमेंट स्केल’ २५ विधानांची असून कारणे व स्वरूप, संवाद व वर्तन, काळजी, आणि जोखीम व आरोग्यसंवर्धन अशा चार विभागांत ती विभागलेली आहे. तिचे गुण ० ते ५० असतात.

डिमेन्शियाच्या रुग्णांपैकी ६० ते ७० टक्क्यांमध्ये कारण अल्झायमर असते. उरलेल्यांत मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे, विशेषतः पक्षाघातानंतर, येणारा डिमेन्शियाही असतो. सामान्य जनतेला हा फरक करायला लावणे अन्यायाचे ठरेल, म्हणून व्यापक पाहणीसाठी माझा कौल दुसऱ्या प्रश्नावलीकडे आहे. मात्र तिची मोठी तपासणी ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव नोंदवणाऱ्या लोकांवर झाली आहे, हे विसरू नये. खानापूर तालुक्यातील शेतमजूर स्त्रीला तीच विधाने तशीच लागू पडतील असे गृहीत धरण्याला कोणताही आधार नाही. ते तपासण्यासाठीच पुढचा सारा खटाटोप आहे.

निवड झाली की मूळ लेखकांना लिहून अनुवादाची आणि बदलांची परवानगी मागावी. त्यात कोणती भाषा, कोणते लोक आणि उत्तरांच्या पर्यायांत बदल करण्याचा विचार आहे का, हे स्पष्ट लिहावे. मराठीत आधी काम झालेले असल्यास तेही याच पत्रव्यवहारात कळते.

अनुवादाआधी उत्तरसूची तपासावी

ही पायरी बहुतेक जण वगळतात, आणि माझ्या मते हीच सर्वांत महाग पडते. ज्ञानाच्या प्रश्नावलीत प्रत्येक विधानाचे एक ‘बरोबर’ उत्तर असते, आणि विज्ञान पुढे गेले की ते उत्तर बदलू शकते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या डिमेन्शियाविषयक आयोगाने २०२० मध्ये टाळता येण्याजोगे १२ जोखीम-घटक सांगितले होते, २०२४ च्या अहवालात दृष्टिदोषावर उपचार न होणे आणि रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल वाढणे या दोहोंची भर पडून ते १४ झाले, आणि या सर्वांचा बंदोबस्त झाल्यास सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल असा अंदाज देण्यात आला. कमी ऐकू येणे, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, अतिमद्यपान, डोक्याला मार, नैराश्य, एकाकीपणा, हवेचे प्रदूषण, स्थूलपणा, व्यायामाचा अभाव आणि अपुरे शिक्षण हे बाकीचे घटक होत. औषधांबाबतही असेच आहे. लेकानेमॅब आणि डोनानेमॅब या औषधांना अमेरिकेत अनुक्रमे २०२३ आणि २०२४ मध्ये मान्यता मिळाली. ती अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यात आजाराची गती काहीशी कमी करतात, आजार बरा करत नाहीत. त्यामुळे ‘आजाराची गती कमी करणारे कोणतेही औषध नाही’ या जुन्या विधानाची उत्तरसूची आता टिकत नाही; ‘डिमेन्शिया पूर्ण बरा करणारे औषध मिळते’ हे विधान मात्र आजही चूकच आहे.

आपल्या भागासाठी याहून बारीक एक मुद्दा आहे. निपाणीच्या परिसरात तंबाखूचे पीक आणि विडी वळण्याचा धंदा घराघरांत आहे, आणि अनुवादक ‘स्मोकिंग’साठी सवयीने ‘तंबाखूचे सेवन’ असे लिहून जातो. आयोगाच्या यादीत धूम्रपान आहे, मिश्री लावणे किंवा तंबाखू मळून खाणे नाही. म्हणजे अनुवादातल्या एका सैल शब्दाने विधानाचा अर्थच बदलतो आणि ज्याला ‘बरोबर’ म्हणायचे त्याला पुरावाच उरत नाही. तिथे ‘विडी-सिगारेट ओढणे’ असेच लिहावे.

प्रत्येक विधानापुढे त्याचे उत्तर, त्यामागचा आधार आणि तो तपासल्याची तारीख असा तक्ता करावा आणि तो मज्जाविकारतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञाकडून तपासून घ्यावा. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचा विकार यांमुळे येणारा विसराळूपणा उपचारांनी सुधारू शकतो, त्यामुळे ‘म्हातारपणी विसर पडू लागला की उपाय नसतो’ यासारखी विधाने विशेष काळजीने पाहावीत.

अनुवाद

रूढ पद्धत अशी आहे की दोन अनुवादकांनी एकमेकांशी न बोलता स्वतंत्र अनुवाद करावेत, त्यांतून एक मसुदा जुळवावा, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दोघांनी त्याचा इंग्रजीत उलट अनुवाद करावा आणि शेवटी समितीने सर्व आवृत्त्या समोर ठेवून निर्णय घ्यावा. पहिल्या दोघांपैकी एक वैद्यकीय क्षेत्रातील आणि एक त्याबाहेरचा असावा, हा संकेत जगभर पाळला जातो. सीमाभागासाठी मी त्यात एक अट घालीन: दोघांपैकी किमान एक जण इथेच वाढलेला असावा. पुण्याच्या छापील मराठीत ‘मधुमेह’ आणि ‘उच्च रक्तदाब’ निर्दोष आहेत, पण अनगोळच्या किंवा येळ्ळूरच्या घरात ‘शुगर’ आणि ‘बीपी’ म्हटले की पुढचे बोलणे सुरळीत चालते. प्रश्नावलीत ‘शुगरचा आजार, म्हणजे मधुमेह’ असे दोन्ही एकत्र लिहायला हरकत नाही.

उलट अनुवादावर फार विसंबू नये. मराठी वाक्य इंग्रजीच्या वळणाने जितके कृत्रिम लिहावे, तितका त्याचा उलट अनुवाद मुळाशी छान जुळतो. समितीत उलट अनुवाद चांगला दिसला म्हणून मराठी वाक्य मान्य करण्याऐवजी ते मोठ्याने वाचून पाहावे.

काही विधानांचा प्रश्न अनुवादाचा नसून जगण्याचा असतो. परदेशी साधनांत ‘नर्सिंग होम’ वारंवार येते. आपल्याकडे त्याचा अर्थ छोटा खासगी दवाखाना, बरेचदा बाळंतपणाचा. तिथे ‘आजारी वृद्धांना कायमचे ठेवून सांभाळणारी संस्था’ असे म्हणावे लागते, आणि तसे म्हटल्यावरही ते विधान गावातल्या माणसाच्या ज्ञानाची परीक्षा घेते की तिकडच्या व्यवस्थेच्या ओळखीची, हा निर्णय समितीला घ्यावाच लागतो. विधान बदलले किंवा गाळले तर तसे नोंदवावे.

आजाराच्या नावाविषयी एक अडचण सुरुवातीलाच सोडवून टाकावी. ‘डिमेन्शिया’ शब्द न ऐकलेल्या माणसाला काहीतरी ओळख करून द्यावी लागते, पण ती ओळख करून देताना आपण पुढच्या विधानांची उत्तरेच सांगून बसतो. ‘हा मेंदूचा आजार आहे’ एवढे प्रस्तावनेत आले की कारणांवरची दोन-तीन विधाने निकामी झाली. त्यापेक्षा असे वाचावे: ‘वय वाढल्यावर काही माणसे ओळखीची नावे आणि वाटा विसरू लागतात, त्याला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. पुढची वाक्ये त्याविषयी आहेत.’ यात विसरण्याचा उल्लेख आला, म्हणून ‘डिमेन्शियात विसर पडतो’ अशा अर्थाचे विधान असल्यास ते गुणांत धरू नये. ‘वेड’ किंवा ‘चळ’ हे शब्द प्रस्तावनेत कधीही वापरू नयेत; घरात असा रुग्ण असलेले माणूस तिथेच दुखावते. मात्र हा शब्द आधी ऐकला होता का, हे प्रस्तावना वाचण्यापूर्वी अवश्य विचारून नोंदवावे.

तज्ज्ञांचे मत आकड्यांत

सहा ते दहा तज्ज्ञांना प्रत्येक विधान विषयाशी किती संबद्ध आहे हे १ ते ४ या श्रेणीत ठरवायला सांगतात आणि ३ किंवा ४ देणाऱ्यांचे प्रमाण काढतात. सात तज्ज्ञांपैकी सहा जणांनी होकार दिला तर ०.८६, पाच जणांनी दिला तर ०.७१. सहा किंवा अधिक तज्ज्ञ असताना ०.७८ ही किमान मर्यादा मानली जाते, त्यामुळे दुसरे विधान दुरुस्तीला परत जाते. सर्व विधानांची सरासरी ०.९० च्या वर असावी. तज्ज्ञ म्हणजे केवळ डॉक्टर नव्हेत. घरात अशा रुग्णाला वर्षानुवर्षे सांभाळलेली एखादी सून, आशा कार्यकर्ती आणि मराठी शाळेतील शिक्षक यांनाही समितीत स्थान द्यावे. कोणते वाक्य गावात कसे ऐकले जाईल, हे त्यांच्याइतके कोणाला सांगता येत नाही.

परवानगी आणि संमती

लोकांना भेटण्यापूर्वी संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता घ्यावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे इथे लागू होतात. निरक्षर व्यक्तीची संमती घेताना संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा आणि अंगठ्यासोबत त्याची सही हवी. आपल्या नमुन्यात स्वतः डिमेन्शियाची सुरुवात झालेली व्यक्तीही येऊ शकते. तेव्हा काय करायचे हे अर्जातच लिहून ठेवावे.

सीमाभागात कागद घेऊन दारात आलेल्या माणसाकडे पाहून पहिला प्रश्न मनात येतो तो भाषेचा: हे कोणासाठी मोजताहेत? म्हणून ‘मातृभाषा’ हा रकाना वरच्या ओळीत ठेवू नये. ‘मराठी आणि कन्नड यांपैकी कोणत्या भाषेत बोलायला तुम्हाला सोयीचे जाईल?’ एवढेच विचारावे, आणि ही पाहणी शिरगणतीची किंवा कोणत्याही पक्षाची नसून आरोग्याची आहे हे संमतिपत्रात व तोंडीही सांगावे.

लोकांसोबत वाक्य उलगडणे

या पायरीला आकलन मुलाखत म्हणता येईल. दहा-पंधरा जणांसोबत, दोन फेऱ्यांत, विधान वाचून दाखवायचे आणि उत्तर मिळाल्यावर थांबून विचारायचे: ‘मावशी, हे वाक्य तुमच्या शब्दांत सांगा बघू.’ ‘हे ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं?’ ‘बरोबर का म्हणालात?’ पहिल्या फेरीनंतर वाक्ये दुरुस्त करून दुसरी फेरी नव्या माणसांसोबत घ्यायची. निवड करताना शाळेची पायरी न चढलेले, चौथीपर्यंत शिकलेले, कन्नड माध्यमात शिकलेले आणि पदवीधर असे सगळे यावेत.

इथे काय हाती लागते, ते एका उदाहरणाने पाहू. मसुद्यात विधान असे आहे: ‘डिमेन्शिया झालेल्या व्यक्तीला दैनंदिन व्यवहार करणे कठीण जाते.’ ऊस उत्पादकाच्या घरातली एखादी मावशी लगेच ‘बरोबर’ म्हणते. गुण मिळाला. मग कारण विचारले की ती म्हणते, ‘व्हय की, पैशाचं काय कळतंय त्यास्नी? बँकेत पोरगाच जातोय.’ तिच्या लेखी व्यवहार म्हणजे पैशाची देवघेव. आपल्याला अभिप्रेत होते आंघोळ, कपडे, स्वयंपाक, औषध वेळेवर घेणे. उत्तर बरोबर आले, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचे. केवळ आकडे पाहिले असते तर हे विधान उत्तम ठरले असते. दुरुस्ती अशी: ‘डिमेन्शिया वाढत गेला की आंघोळ करणे, कपडे घालणे अशी रोजची कामेही माणसाला जमेनाशी होतात.’ वाक्य लांबले, पण त्याचा अर्थ सर्वांना एकच कळतो.

दुसरा अडथळा नकारार्थी विधानांचा. ‘डिमेन्शिया हा म्हातारपणाचा साहजिक भाग नाही’ असे वाचून दाखवल्यावर समोरचा माणूस ‘नाही’ म्हणतो. तो विधानाला दुजोरा देतो आहे की ते खोडतो आहे? मराठीत दोन्ही अर्थ निघतात, आणि मुलाखत घेणारा आपल्या समजुतीप्रमाणे खूण करून मोकळा होतो. म्हणून सर्व विधाने होकारार्थी लिहावीत आणि चुकीची विधाने आशयाने चुकीची असावीत: ‘वय झाले की प्रत्येकाला डिमेन्शिया होतोच.’ मूळ प्रश्नावलीतील विधान असे उलटवले तर त्याचे उत्तरही उलटते, हे उत्तरसूचीत त्याच दिवशी दुरुस्त करावे.

‘धोका वाढतो’ या शब्दप्रयोगाची स्वतंत्र चाचणी घ्यावी. ‘बीपी जास्त असेल तर डिमेन्शिया होतो’ आणि ‘होण्याची शक्यता वाढते’ यांत संशोधकाला मोठा फरक दिसतो. ऐकणाऱ्याला तो जाणवतो का, हे मुलाखतीतच कळेल. मला ‘ज्यांचा बीपी बरीच वर्षे जास्त असतो, त्यांच्यात डिमेन्शिया अधिक जणांना होतो’ ही रचना अधिक सुरक्षित वाटते.

उत्तरांचे पर्याय आणि गुण

टास्मानियाच्या प्रश्नावलीत ‘चूक’, ‘बहुधा चूक’, ‘बहुधा बरोबर’, ‘बरोबर’ आणि ‘माहीत नाही’ असे पाच पर्याय असून पूर्ण बरोबर उत्तराला दोन, ‘बहुधा’सह बरोबर उत्तराला एक आणि बाकीच्यांना शून्य गुण आहेत. कागदावर हे नीट चालते. तोंडी विचारताना वयस्क माणसे ‘बहुधा’ आणि ‘नक्की’ यांतला फरक चार विधानांनंतर सोडून देतात, आणि कमी शिकलेल्या नम्र माणसाला ‘नक्की’ म्हणणे उद्धटपणाचे वाटते. म्हणजे ज्ञान सारखे असूनही गुण स्वभावाप्रमाणे बदलतात. सर्वसामान्यांसाठी ‘बरोबर’, ‘चूक’, ‘माहीत नाही’ हे तीनच पर्याय ठेवण्याकडे माझा कल आहे. त्याची किंमत अशी की आपले एकूण गुण मूळ साधनाच्या गुणांशी थेट ताडता येणार नाहीत, आणि तसे अहवालात स्वच्छ लिहिले पाहिजे.

‘माहीत नाही’ हा पर्याय वाचून दाखवणे अनिवार्य आहे. तो नसेल तर ३० विधानांवर डोळे झाकून उत्तरे देणाऱ्यालाही सरासरी १५ गुण मिळतात. त्याचप्रमाणे, ३० पैकी २० विधाने ‘बरोबर’ असतील तर प्रत्येक वाक्याला मान डोलावणाऱ्याला २० गुण मिळतात, आणि पाहुण्याच्या बोलण्याला मान डोलावण्याची रीत आपल्या भागात चांगलीच रुजलेली आहे. म्हणून बरोबर आणि चूक विधानांची संख्या शक्य तितकी सारखी ठेवावी. गुण देताना चूक उत्तर आणि ‘माहीत नाही’ या दोहोंना शून्य असले, तरी माहितीच्या तक्त्यात त्यांचे संकेत वेगळे ठेवावेत. ज्याला माहीत नाही त्याला माहिती द्यायची असते. ज्याची समजूत चुकीची आहे त्याच्याशी बोलण्याची पद्धत वेगळी असते.

मोठ्या नमुन्यावरची पाहणी

किती माणसे हवीत, याचा साधा हिशेब असा की प्रत्येक विधानामागे किमान सात ते दहा आणि एकूण शंभरापेक्षा कमी कदापि नाही. २५ ते ३० विधानांसाठी ३०० जण हे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आणि पुरेसे लक्ष्य आहे. मात्र ते ३०० कोण, हे अधिक महत्त्वाचे. टिळकवाडीतील ज्येष्ठ नागरिक संघ आणि वाचनालयातील वाचक सहज भेटतात. त्यांच्यावरच पाहणी उरकली तर गुण उंच येतात आणि प्रश्नावली कोणासाठी चालते हे कळतच नाही. शहापूर-वडगावचे विणकर, निपाणीच्या विडी कामगार स्त्रिया, खानापूरच्या जंगलपट्टीतील वाड्या, चिकोडीकडील ऊसपट्टा अशी वाटणी आधीच ठरवावी आणि प्रत्येक ठिकाणी स्त्री-पुरुष व वयोगट यांचा कोटा ठेवावा. स्त्री शक्ती संघ, भजनी मंडळे आणि अंगणवाडी यांच्यामार्फत ओळख निघते. ऊसतोडीच्या हंगामात आणि सुगीत दिवसा माणसे घरी सापडत नाहीत, त्यामुळे वेळापत्रक तसे आखावे.

सीमाभागातील अनेक तरुण घरी मराठी बोलतात पण शिकले कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात, त्यामुळे मराठी छापील मजकूर ते अडखळत वाचतात. त्यांना कागद हातात दिला तर आपण वाचनवेग मोजू. सर्वांना वाचूनच दाखवणे हा एक मार्ग. निवड द्यायची असेल तर कोणी स्वतः वाचले आणि कोणाला वाचून दाखवले हे नोंदवावे. वाचून दाखवणाऱ्यांना एकच सूर, एकच वेग आणि ‘पुन्हा वाचा’ म्हटल्यास शब्द न बदलता वाचण्याचा सराव द्यावा. ओसरीवर मुलाखत सुरू झाली की शेजारपाजार जमतो आणि उत्तरे सुचवू लागतो. ‘आजी, आधी तुमचंच मत लिहून घेतो, मग सगळ्यांशी बोलूया’ असे आदराने सांगून थोडे बाजूला बसावे.

नमुन्यातील पन्नासेक जणांना दोन आठवड्यांनी पुन्हा तीच विधाने विचारावीत. ज्ञानाच्या प्रश्नावलीत एक विशेष अडचण येते: पहिल्या भेटीने कुतूहल जागे होते, लोक मोबाइलवर शोधतात, डॉक्टर भाच्याला विचारतात. म्हणून दुसऱ्या भेटीत ‘मधल्या काळात याविषयी काही ऐकलं-वाचलं का?’ हे विचारून नोंदवावे. बरोबर उत्तरांचे पत्रक, ज्येष्ठांसाठीचा १४५६७ आणि टेलि-मानसचा १४४१६ हे क्रमांक प्रत्येकाला द्यायचेच आहेत, पण या पन्नास जणांना ते दुसऱ्या भेटीनंतर द्यावेत.

आकडेमोड

जामोवी आणि आर ही मोफत सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. प्रथम प्रत्येक विधानाला किती टक्के लोकांनी बरोबर उत्तर दिले ते पाहावे. ९५ टक्क्यांना येणारे किंवा पाच टक्क्यांनाच येणारे विधान माणसामाणसांतला फरक दाखवत नाही. मात्र असे विधान लगेच गाळू नये. एखादी घातक गैरसमजूत तपासणारे विधान अवघड असले तरी ठेवण्यासारखे असते. मग विधानाचा उरलेल्या एकूण गुणांशी सहसंबंध पाहावा, तो ०.२० च्या खाली असेल तर पुन्हा वाक्य वाचावे, आणि ऋण असेल तर उत्तरसूचीत चूक आहे का ते सर्वप्रथम तपासावे.

अंतर्गत सुसंगतीसाठी, म्हणजे विधाने एकमेकांशी किती जुळतात हे पाहण्यासाठी, क्रॉनबाख अल्फा काढतात. बरोबर-चूक गुणांसाठी कुडर-रिचर्डसन २० हे त्याचेच रूप आहे. ०.७० ही किमान अपेक्षा. अल्फा चांगला आला म्हणजे प्रश्नावली एकाच गोष्टीचे मापन करते असे सिद्ध होत नाही. त्यासाठी घटक विश्लेषण, म्हणजे कोणती विधाने मिळून एक गट बनवतात याची तपासणी, लागते, आणि ज्यांना ० किंवा १ एवढेच गुण असू शकतात अशा विधानांसाठी ते टेट्राकोरिक सहसंबंधांवर (अशा दोन-मूल्यी उत्तरांसाठीच्या सहसंबंधांवर) करावे लागते. मूळची चार विभागांची रचना आपल्या माहितीला जुळत नसेल तर विधाने इकडून तिकडे हलवून ती बळेच जुळवू नये. न जुळणे हाही निष्कर्ष आहे.

अल्फावरून एक उपयोगी आकडा निघतो. गुणांचे प्रमाण विचलन ५ आणि अल्फा ०.८० असेल तर एका माणसाच्या गुणांतील मोजमापाची त्रुटी सुमारे २.२ येते. व्याख्यानानंतर एखाद्याचे दोन गुण वाढले म्हणून त्याचे ज्ञान वाढले, असे त्यावरून म्हणता येत नाही. गटाच्या सरासरीबद्दल मात्र बोलता येते.

ज्ञान वेगळे असण्याची खात्री असलेले गट ताडून पाहणे ही वैधतेची, म्हणजे साधन जे मोजायचे तेच मोजते का याची, सर्वांत पटणारी तपासणी आहे. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, रुग्णाला घरी सांभाळणारे नातेवाईक आणि इतर जनता यांचे गुण त्या क्रमाने उतरत यावेत अशी अपेक्षा आधीच लिहून ठेवावी. नातेवाईक काळजीच्या विभागात विद्यार्थ्यांच्याही पुढे जातील आणि कारणांच्या विभागात मागे राहतील, अशीही शक्यता आहे. म्हणून विभागवार गुण पाहावेत.

आता मूळ कसोटीकडे येऊ. शिकलेल्यांना अधिक गुण पडले, तर त्यांना खरोखर अधिक माहिती आहे की वाक्यांची भाषा त्यांच्या बाजूची आहे? हे वेगळे करण्यासाठी एकूण गुण सारखे असलेले, पण शिक्षण वेगळे असलेले लोक एकत्र घ्यावेत आणि एकेका विधानावर त्यांची तुलना करावी. एकूण गुण सारखे असूनही एखादे विधान केवळ पदवीधरांना येत असेल, तर दोष बहुतेक त्या वाक्यात आहे. मॅन्टेल-हेन्झेल चाचणी हेच करते. तीच तुलना स्वतः वाचलेल्यांत आणि वाचून दाखवलेल्यांत, तसेच शहर आणि खेडे यांत करावी. नवशिक्यांच्या प्रबंधांत ही तपासणी क्वचितच दिसते; आपल्या भागात तिच्याशिवाय प्रश्नावली वापरायला देऊ नये असे माझे ठाम मत आहे.

कन्नड आवृत्ती आणि अहवाल

एकाच गल्लीत दोन्ही भाषांची घरे असल्यामुळे कन्नड आवृत्ती लवकरच लागेल. ती मराठीवरून न करता मूळ प्रश्नावलीवरून, याच सर्व पायऱ्यांनी करावी आणि समितीत दोन्ही भाषा जाणणारा एक सदस्य समान ठेवावा. दोन आवृत्त्यांच्या गुणांची तुलना वरील विधानवार तपासणी पार पडल्यावरच करावी. तोवर ‘मराठी भाषकांना अधिक माहिती’ किंवा त्याच्या उलट असे वाक्य अहवालात येऊ देऊ नये, कारण इथे ते वाक्य आरोग्यापुरते राहणार नाही. बिदरकडील भालकी-औरादची मराठी वेगळी आहे आणि हल्याळकडील बोलण्यात कोकणीचा शिरकाव आहे. तिकडे वापरण्यापूर्वी आकलन मुलाखतींची एक फेरी तिथे पुन्हा घ्यावी.

अहवालात मूळ विधान, अंतिम मराठी विधान, केलेला बदल आणि त्याचे कारण असा पूर्ण तक्ता जोडावा. गाळलेली विधानेही त्यात असावीत. प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर आवृत्तीचा क्रमांक आणि उत्तरसूची शेवटची तपासल्याचा महिना-वर्ष छापावे. उत्तरसूची प्रश्नावलीसोबत न देता मागणाऱ्याला स्वतंत्र पाठवावी, आणि जोखीम-घटकांविषयी नवा अहवाल आला की त्या विभागातील विधाने पुन्हा तज्ज्ञांपुढे ठेवावीत.